कुलूपबाईंचं पुस्तकांचं कपाट

आमच्या वन्संना बालगृहातली मुलं पाठीमागे ‘कुलूपबाई’ म्हणतात. नवऱ्याच्या थोरल्या बहिणीबद्दल असं बोलू नये, पण नाव अगदी चपखल आहे. त्या तिथली कोठी सांभाळतात. साबण, टॉवेल, साखर, चादरी, सगळं कुलपात आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला. घरीसुद्धा साखरेच्या डब्याचं झाकण दोनदा दाबून बघतात. लग्नानंतर बरेच दिवस मला वाटायचं, यांचा माझ्यावरच संशय आहे.

तसं नव्हतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. “अगं, जिथं सगळं सगळ्यांचं असतं ना, तिथं दांडगा दोन उचलतो आणि लहान्याच्या हाताला काही लागत नाही.” म्हणून त्यांची वाटणी रांगेनं. वाट्याला येईल ते घ्यायचं, मागायचं नाही, अदलाबदल नाही. त्यांच्या राज्यात कुणी बिनसाबणाचं राहिलं नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

मग एक दिवस टेम्पोतून पुस्तकं आली. अनाथाश्रमांना आणि गरीब शाळांना वाचनालयं भेट देणारी एक संस्था होती. त्यांनी काचेचं कपाट, मोठी सतरंजी आणि खोकी भरभरून गोष्टींची पुस्तकं दिली. फोटो झाले. संस्थेच्या ताई निघताना म्हणाल्या, “वर्षभरानं येऊन बघू. वापर होत नसेल तर कपाट दुसऱ्या शाळेला द्यावं लागेल. मागणारे खूप आहेत.” वन्संच्या डोक्यात त्यातलं एवढंच राहिलं, की ताई बघायला येणार.

झालं. आम्ही दोघी खाकी कव्हरं घालायला बसलो. लाल घोडे, निळे मासे, सगळे खाकीत गेले. मी म्हटलं, “वन्सं, कुठलं पुस्तक कुठलं हे मुलांना कळणार कसं?”

“कळून काय करायचंय? एकाला बरं नि एकाला वाईट, असली भांडणं नकोत मला.”

त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मी खळ लावत राहिले.

दर शनिवारी हात धुऊन मुलं सतरंजीवर रांगेत बसायची. वन्सं एकेकाच्या हातात एकेक पुस्तक ठेवायच्या. तासाभरानं घंटा झाली की पुस्तकं गोळा, कपाट बंद. पुढच्या शनिवारी वाट्याला येईल ते. साबणाच्या वड्या वाटाव्यात तशी गोष्टींची वाटणी चालली होती. साबण कुठलाही चालतो, पण अर्धी राहिलेली गोष्ट तीच लागते. हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

वर्ष झालं, ताई आल्या. स्वयंपाकीणबाई आजारी म्हणून चहा करायला मी गेले होते. ताईंनी कपाटातून एक पुस्तक काढून उघडलं, मग दुसरं, मग तिसरं. बांधणी अजून कडक होती.

“एकसुद्धा पान दुमडलेलं नाही,” त्या म्हणाल्या.

“डोळ्यांत तेल घालून जपलीत,” वन्सं अभिमानानं म्हणाल्या.

“तेच म्हणतेय बाई. ही वाचलीच गेली नाहीत. मला कपाट हलवावं लागेल.”

वन्संचा चेहरा खाडकन उतरला. कमरेच्या किल्ल्या मुठीत धरून त्या म्हणाल्या, “वाचतात हो. दर शनिवारी वाचतात. विचारा तुम्ही.”

मुलं सतरंजीवर बसलेलीच होती. ताईंनी पुढच्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या मुलीला विचारलं, “तुला कुठली गोष्ट आवडली?”

ती आधी वन्संकडे बघून घेऊन म्हणाली, “म्हातारं गाढव समुद्र बघायला निघतं, ती.”

“मग काय होतं?”

“मग घंटा झाली.”

मागून एक उंच मुलगा बोलला, “पुढचं मला आलं होतं. त्याला बकरी भेटते. ती म्हणते, समुद्र-बिमुद्र काही नसतं.” तिसरीनं डोंगर चढवला, चौथ्यानं उतरवला. मुलांनी आपसात ठरवलंच होतं. गाढव ज्याच्या वाट्याला येईल त्यानं आधीच्याला विचारून पुढून वाचायचं आणि मग सगळ्यांना सांगायचं. मी चहाचा ट्रे धरून तशीच उभी राहिले.

“आणि समुद्र दिसतो का?” ताईंनी विचारलं.

उंच मुलगा म्हणाला, “नंतर गाढव या छोटूला आलं. त्याला वाचता येत नाही. परत कुणाला आलंच नाही.”

“अरे, मग माझ्याकडे मागायचं नाही का?” वन्सं म्हणाल्या.

दोन वेण्यांची मुलगी समजावून सांगावं तशी म्हणाली, “बाई, मागायचं नसतं ना. येईल ते घ्यायचं.”

वन्सं खालीच बसल्या. “वाढल्या ताटावरून उठवलं गं मी यांना,” त्या मला म्हणाल्या. मग उठून कपाटाशी गेल्या आणि गाढव शोधू लागल्या. पण सगळीच पुस्तकं खाकी. त्यांनी एकाचं कव्हर ओरबाडलं, मग दुसऱ्याचं. ताई शेजारी बसून फाडू लागल्या, मग मुलंही. सतरंजीवर खाकी कागदांचा ढीग झाला आणि त्यातून लाल घोडे, निळे मासे बाहेर आले. गाढव सापडलं तेव्हा वन्संनी ते त्या मुलीच्या हातात दिलं.

“घे. संपल्याशिवाय परत आणायचं नाही.”

मी केलेला चहा गार झाला होता, तोच ताईंनी घेतला. जाताना म्हणाल्या, “कपाट इथंच राहू दे.”

आता वन्सं संध्याकाळी फाटकी पुस्तकं पिशवीतून घरी आणतात आणि कुरकुरतात, “काय ही कार्टी, पानं खातात की काय. वाटीभर खळ कर गं.” परवा गाढवाचं आलं. शेवटची पानंच सुटली होती. मी खळ करून पुढ्यात ठेवली, भाजी चिरली, कणीक भिजवली. वन्संचं बोट खळीत तसंच.

“वन्सं, झालं का चिकटवून? पानं घ्यायचीत जेवायला.”

“थांब गं,” त्या मान वर न करता म्हणाल्या, “एवढं संपू दे.”

समुद्र दिसतो की नाही, ते मला मुलांनी केव्हाच सांगितलं होतं. खळ वाळून गेली, ती मी पुन्हा केली.