वहिनी, पेटत नाहीये!

लोकांना वाटतं, आयटी पार्कशेजारच्या आमच्या माण गावात खोल्या भाड्यानं दिल्या की माणूस बसून खातो. अहो, बसू देतंय कोण! आमच्या बिल्डिंगमधली पोरं सगळी आयटीतली. नांदेड, लातूर, जळगाव अशी लांबून आलेली. दिवसभर कंपनीत मोठमोठे प्रॉब्लेम सोडवतात, आणि घरी आली की जिन्यातून हाक येते, "वहिनी, पेटत नाहीये!" कधी गिझर, कधी दिवा, कधी आणखी काही. मला किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. ते जिन्यानं आपणहून खाली येतात.

मी काही मेकॅनिक नाही. पण लग्न होऊन आले तेव्हापासून या घरातली बिघडलेली वस्तू माझ्याचकडं येते, कारण आमच्या ह्यांना बल्ब बदलायचा तरी आधी चहा लागतो. माझी पद्धत सरळ आहे. आधी सेल बघायचा, मग स्प्रिंग बघायची. तरीही पेटलं नाही, तर माणूस बघायचा!

०००

नांदेडचा सुमित आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात गॅस गिझरची तक्रार. "वहिनी, नुसतं टकटक करतोय, पेटत नाही."

सेल नवे, सिलिंडर भरलेला. नळ सोडला तर करंगळीएवढी धार. या गिझरला पाण्याचा जोर लागतो, त्याशिवाय तो पेटतच नाही. आणि सकाळी अख्खी बिल्डिंग एकाच वेळी अंघोळीला!

मी म्हटलं, "आळीपाळीनं करा." पोरांनी ते फारच मनावर घेतलं. मोबाइलवर अंघोळीचं कॅलेंडर केलं आणि सगळ्यांना इन्व्हाइट पाठवली. माझ्या सासऱ्यांनासुद्धा.

आमचे सासरे म्हणजे आण्णा. सगळी बिल्डिंग त्यांना आण्णाच म्हणते. त्यांनी मोबाइल लांब धरून वाचलं आणि मला विचारलं, "हे काय हाय?"

"तुमच्या अंघोळीची वेळ, आण्णा. यस करायचं का नो?"

"नो कर," आण्णा म्हणाले. "म्या आदीच करून बसलोय!"

०००

दिवाळीच्या आधी स्नेहलचा फोन. दुसऱ्या मजल्यावर राहते, जळगावची.

"वहिनी, पेटत नाहीये हो!"

मी पोळ्या लाटत होते. फोन खांद्याला लावला आणि पाठ झालेलं सगळं सांगत सुटले. "घाबरू नकोस. खिडकी उघड. उघडलीस? आता नळ पूर्ण सोड."

"सोडला."

"आला का जोर?"

"आला. पण वहिनी, आकाशकंदिलाचा आणि नळाचा काय संबंध?"

०००

आता रोहनचं सांगते. लातूरचा पोरगा, गुणी, पण गच्चीवर जाऊन काहीतरी ओढायचा. आम्हाला पत्ता नव्हता.

आण्णा रोज टाकीतलं पाणी बघायला गच्चीवर जातात. एक दिवस पितळेची एक नळी घेऊन खाली आले. "ही कुनाची बॅटरी ऱ्हायली वर? पेटत न्हाई." आमच्याकडं टॉर्चला बॅटरीच म्हणतात.

मी फिरवून उघडली. आत एकच जाडजूड सेल. बटणाखालची पट्टी काळी पडलेली. "कार्बन धरलाय," मी म्हटलं. आण्णांनी पॉलिश पेपर आणला, मी आटे फडक्यानं पुसले, पट्टी चकाचक केली, सेल घट्ट बसवला. एवढं केल्यावर कोणतीही बॅटरी पेटलीच पाहिजे!

आण्णांनी तोंड भिंतीकडं करून बटण दाबलं. टोकाला बारीक लाल तार दिसली, चर्र आवाज झाला आणि आंब्याच्या वासाचा ढग वर आला.

आण्णांनी नळी लांब धरली. "पोरी, हिच्यातनं उजेड कमी आन् धूर लई येतोय!"

तेवढ्यात रोहन जिन्यात आला. आमच्या दोघांच्या मधला ढग बघून त्याचा चेहरा पांढराफटक. "आण्णा... ती टॉर्च नाहीये. ई-सिगारेट आहे." आणि मग न राहवून, "पण चालू कशी झाली? मी दोन दिवस खटपट करतोय!"

०००

नळी परत देताना मी त्याला स्पष्ट सांगितलं, ही वस्तू बंदीची आहे, माझ्या घरात नको. त्यानं मान हलवली. पण मान हलवणं वेगळं आणि सुटणं वेगळं.

पुढच्या रविवारी आण्णांशी बोलत तो पार्किंगमध्ये उभा होता. घट्ट जीन्स, नळी खिशात. बोलता बोलता मध्येच थांबला, मांडीवर हात मारला आणि उड्या मारायला लागला. खिशात बटण दाबलं जाऊन आतच अडकलं होतं. त्या नळीत आपोआप बंद होण्याची काही सोय नसते. बटण अडकलं की तापतच जाते.

"काढ ती बाहेर! वाळूत टाक!" मी ओरडले. शेजारच्या बांधकामाची वाळू समोरच होती. त्यानं रुमालानं नळी ओढून फेकली. मी त्याला दंडाला धरून खांबामागं खेचलं, आण्णाही आले. नळी फुसफुसली, धूर आला, आणि फट्कन टोपण उडून भिंतीवर आपटलं. खिशात असती तर?

रोहनची मांडी लाल झाली होती. मी थंड पाणी ओतत राहिले. तो लहान पोरासारखा रडला. "वहिनी, आईला नका सांगू."

"सांगणार नाही. पण परत दिसली, तर मीच लातूरला फोन करीन."

आण्णांनी त्याच्या जळक्या खिशाकडं निरखून बघितलं. "आरं, बिडी वडनाऱ्याची छाती जळती. तुझी तर प्यांट जळली की!"

रोहन आता खिशात शेंगदाणे ठेवतो. वजन वाढलंय, पण पेटत नाही!

०००

आमच्या पार्किंगमध्ये आण्णांचा जुना ट्रॅक्टर उभा असतो. शेत गेलं, बिल्डिंग झाली, ट्रॅक्टर राहिला. दोन गाड्यांची जागा अडवतो म्हणून आमच्या ह्यांनी गिऱ्हाईक शोधलं, कासारसाईचा एक शेतकरी. आण्णा म्हणाले, "इका की. माझं काय म्हननं न्हाई."

माणूस आला. टायर बघितले, तेल बघितलं, खूश झाला. "आण्णा, एकदा चालू करून दावा."

आण्णांनी कुणाला सीटवर बसू दिलं नाही, स्वतःच चढले. एक हात चावीवर, दुसऱ्यानं खाली कसलीशी दांडी ओढून धरलेली. घर्रर, घर्रर, घर्रर... इंजिन काही धरेना. मी म्हटलं, "आण्णा, मी बघू का?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी मागं सरले.

तो माणूस बराच वेळ थांबला, पाणी प्यायला आणि निघून गेला. हे चिडून वर गेले. आण्णा सीटवर तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धडधड आवाजानं सगळी बिल्डिंग गॅलरीत आली. आण्णा ट्रॅक्टरवर, टोपी नीट बसवलेली, आज दोन्ही हात स्टेअरिंगवर. गेटपर्यंत गेले, वळवला आणि परत जागेवर आणून लावला.

मी खाली धावले. "आण्णा, काल काय झालं होतं याला?"

आण्णांनी बॉनेटवर हात फिरवला.

"काल व्हय? काल त्याचं मन न्हवतं."