आडव्या बाईचं माप

कपड्यांच्या कारखान्यात सगळे तिला मापकाकू म्हणत. तीस वर्षं ती कपडे बेतत आली होती, आधी कागदावर, आता कम्प्युटरवर. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी लागणारा गाऊन पडद्यावरच्या बाहुलीला चापूनचोपून बसला, तेव्हा साहेब खूश झाले. काकूने नाक मुरडलं.

"तुमची बाहुली उभी आहे. तपासणीला बाई आडवी असते, गुडघे वर करून. तेव्हा कापड कुठे जातं, ते पाहिलंय कुणी?"

काकू शिवलेला नमुना घेऊन तडक दवाखान्यात गेली आणि तो घालून तपासणीच्या टेबलावर आडवी झाली. सगळा गाऊन पोटावर गोळा झाला. पडल्यापडल्याच तिने खडूने खुणा केल्या: इथे चीर, तिच्यावर दुहेरी पदर, म्हणजे मांड्या झाकलेल्याच राहतील.

"आता कुठली बाई तपासणीला लाजते बघू!" ती ऐटीत म्हणाली.

"काकू, तुमची तपासणी कधी झाली होती?" सिस्टरने विचारलं.

काकूची तपासणी कधीच झाली नव्हती. मग तिने खडू बाजूला ठेवला आणि गुडघे पुन्हा वर केले.

"घ्या उरकून. खुणा चुकल्या असतील तर त्याही आत्ताच कळतील."