काठोकाठ पियाला

झुलहुमोरआपा सव्वीस वर्षं उझबेकिस्तानातल्या मार्गिलान गावच्या एका बालवाडीत स्वयंपाक करत होती, आणि तिची सगळी मापं चहाच्या एका टवका उडालेल्या पियाल्यात होती. आठ पियाले पीठ, शीग लावून. तीन पियाले दूध, काठोकाठ. तिच्या हातचा पातिर, म्हणजे दुधात भिजवलेली तंदुरी रोटी, पोरं नुसताच खात आणि घरी जाऊन आईच्या रोटीला नावं ठेवत.

मग वरून फर्मान आलं, प्रत्येक पदार्थ ग्रॅममध्ये लिहून द्या. शुक्रवारी कागदाबरहुकूम पातिर जमला नाही, तर तो बंद आणि कारखान्याची पावरोटी सुरू.

"आपा, तुमचा हात सोन्याचा आहे हो," बालवाडीच्या प्रमुखबाई म्हणाल्या, "पण तो फायलीला लावता येत नाही."

राग आलाच तिला. तो गिळून ती बाजारात गेली आणि काटा घेऊन आली.

घरी नवी सून होती, ओयदिन. लग्नाला दोन महिने झालेले, पोरगी मान वर करून बोलायची नाही. सासू दुखरे गुडघे धरून अंगणातल्या चौकीवर बसली आणि मापं सांगू लागली. सून चुलीकडे तोंड करून तोच टवका उडालेला पियाला भरी, काट्यावर ठेवी, आकडा लिही. पीठ बाराशे ऐंशी. दूध तीनशे नव्वद.

बुधवारी झुलहुमोरने बालवाडीत कागदाप्रमाणे कणीक भिजवली. बोटांना लगेच कळलं की दूध कमी आहे. हात दुधाच्या भांड्याकडे गेलाही, पण तिने तो मागे घेतला. कागद खरा ठरायचा तर त्यात आपल्या हाताची लबाडी नको, एवढं तिने मनाशी पक्कं केलं होतं. तंदुरातून निघाला तो पातिर नव्हता, वीट होती. पोरांनी ती चोखून परत दिली.

झुलहुमोरने काट्याला शिव्या घातल्या, पीठवाल्याला घातल्या, फर्मान काढणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. पण पावरोटी येऊ द्यायची नाही म्हणजे नाही.

संध्याकाळी ती चौकीवर टेकली. ओयदिनने रिवाजाप्रमाणे उजवा हात पुढे करून, डावा छातीवर ठेवून तिच्यापुढे चहा धरला. पियाला अर्ध्यापर्यंत. झुलहुमोर त्या अर्ध्या पियाल्याकडे बघतच राहिली.

"पोरी, काल दूध किती भरलंस?"

"एवढंच, ओयी." सून सासूला आईच म्हणे. "पीठ शीग लावून भरलं, तुम्ही म्हणालात तसं."

"आणि दूध काठोकाठ म्हटलं होतं ते?"

ओयदिनचा चेहरा उतरला. "ऐकलं होतं. पण तुमच्यासमोर काठोकाठ कसा ओतू? पियाला जितका कमी, तितका मान जास्त. काठोकाठ म्हणजे, प्या आणि चालते व्हा."

झुलहुमोरला हसू फुटलं, गुडघे धरून हसली ती. "अगं, ते दूध कणकेला पाजायचं होतं. मला नव्हे. भर आता."

ओयदिनने काटा पुढे ओढला. दूध काठाला लागलं, वर फुगून थांबलं. तीन पियाले, सातशे साठ. जुना आकडा तिने खोडला, पण नवा लिहिताना डोळे भरून आले. "मी तुमचं नाव घालवत होते," ती म्हणाली.

शुक्रवारी झुलहुमोरने कणकेला हात लावलाच नाही. तिने कागद भांडी घासणाऱ्या बाईच्या हातात दिला आणि स्वतः हात पाठीमागे बांधून उभी राहिली. प्रमुखबाईंनी पातिर मोडला, खाल्ला, दुसरा तुकडा मागितला आणि कागद फायलीला लावला.

घरी आल्यावर तिने ओयदिनला चौकीवर, दारापासून लांबच्या मानाच्या जागी बसवलं. पोरगी उठायला बघत होती, तिला दटावून खाली बसवलं. मग सासूने स्वतः किटली उचलली, तोच टवका उडालेला पियाला घेतला, त्यात अर्ध्याहूनही कमी चहा ओतला आणि डावा हात छातीवर ठेवून सुनेपुढे धरला.