बेलापूरची बरणी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी साळवेमामांचं नाव घेतो. ते माझे नातेवाईक नव्हते. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते, आणि परिचरांना सगळं कॉलेज मामाच म्हणतं. साप धरायलाही लोक त्यांनाच बोलवत. साप निघाल्याचा फोन आला की आम्ही मुलं ‘विषारी आहे का?’ असं विचारायचो. मामा विचारायचे, “कुठं?” गाव सांगितलं की तालुका, मग घर की शेत, शेत असेल तर पीक कोणतं. सोनईचा एक दुकानदार एकदा वैतागून म्हणाला, “मामा, तुमी साप धराया येताय का सातबारा काढाया?” मामांनी तरीही सगळं लिहून घेतलं आणि मगच काठी उचलली.

त्यांच्या खिशात कायम पेन्सिलीचा तुकडा असे. स्पिरिटमध्ये शाई उतरते, पेन्सिल टिकते. काचेच्या जुन्या बरण्यांतले साप कधीच फिके पडलेले, पण प्रत्येकाबरोबर आत मामांच्या अक्षरातली चिठ्ठी. नुसता साप ठेवून काय उपयोग, असं ते म्हणत. “ज्याची जागा ठाव न्हाई, तो निस्ता मेलेला साप.”

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला. बी.एस्सी.चा निकाल घेऊन मी सुप्याच्या कारखान्यात कामाला लागायला निघालो होतो. मामांनी आमच्याच कॉलेजचा एम.एस्सी.चा अर्ज माझ्यापुढे ठेवला आणि तो भरून होईपर्यंत प्रयोगशाळेच्या दारात स्टूल टाकून बसले. रविवारी चर्चमधून आले की ते मला माळावर घेऊन जात. कुठल्या जमिनीत कुठला साप राहतो, हे मी त्यांच्या मागे चालत शिकलो.

दगड उलटायची त्यांची एक पद्धत होती. पलीकडची कड धरायची आणि दगड आपल्याकडे उचलायचा, म्हणजे साप आणि आपल्यामध्ये दगड आड राहतो. एकदा दुपारी मी घाईत अलीकडची कड धरून उचलली. माझ्या पावलापासून दोन वितींवर फुरसं होतं. अंगाला अंग घासून करवतीसारखा आवाज करत होतं. मामा ओरडले नाहीत. “हलू नगं,” एवढंच म्हणाले. “हात भरून आला तरी दगड सोडू नगं.” माझे दंड थरथरायला लागले. घाम डोळ्यांत उतरला, पण पुसता येईना. किती वेळ गेला कोण जाणे, फुरसं तिरकं सरपटत काट्यांत गेलं. मामांनी माझ्या हातातला दगड घेऊन होता तसा परत बसवला. मग बाटली उघडून आधी मला पाणी दिलं.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मला प्रयोगशाळेतल्या कपाटामागे एक बरणी सापडली. आत चापडा. हा झाडावर राहणारा विषारी साप ओल्या, दाट झाडीतला. चिठ्ठीवर एकच शब्द होता, ‘बेलापूर’. श्रीरामपूरजवळच्या आमच्या बेलापुरात चापडा मिळाल्याची नोंद कुणीच केलेली नव्हती. आमचे विभागप्रमुख सर खूश झाले. कालव्याचं पाणी आणि ऊस आला, त्याबरोबर हा सापही आला असावा, असा शोधनिबंध मी लिहिला. तो चर्चासत्रात वाचायचा होता, आणि तो पसंत पडला की पीएचडीची जागा माझी, असं सरांनी सांगितलं होतं. मामांना मी यातलं काही सांगितलं नाही.

चर्चासत्राच्या दिवशी सकाळी सभागृहात माझा नकाशा मामाच टांगत होते. श्रीरामपूरशेजारी लाल ठिपका होता. त्यांनी हातातली दोरी खाली ठेवली.

“हे कंचं बेलापूर?”

मी नकाशाची दुसरी दोरी खिळ्याला बांधू लागलो.

“लेका, ती बरणी मुंबईची हाय. तिकडच्या बेलापूरचा साप हाय त्यो. एक पोरगं सुट्टीत आत्याकडं गेल्तं, त्यानं आणला हुता. मी नवा हुतो, निस्तं गाव लिवलं.”

बाहेर गाड्या लागत होत्या, परगावचे प्राध्यापक जिना चढत होते. मामा सरळ सरांकडे गेले. सर आधी हसले, मग त्यांचा चेहरा उतरला. एवढी वर्षं बरण्या पुसताय आणि आज आठवलं का, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. मामा मान खाली घालून उभे होते. “चूक माझ्या हातची हाय, सर. पोराची न्हाई.” सरांनी माझ्याकडे वळून विचारलं, “तुला काही कल्पना होती?” मी नाही म्हणालो.

निबंध मी व्यासपीठावरून मागे घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रामाणिक मुलगा म्हणून सरांनी मला नवा विषय दिला, जागाही दिली. निवृत्तीला चार महिने राहिलेल्या मामांना मात्र परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला बसवलं. प्रयोगशाळेची किल्ली देताना ते मला म्हणाले, “बरण्यांत स्पिरिट कमी झालं की भरत जा.”

गेल्या महिन्यात मला पीएचडी मिळाली. मामा आता बेलापूरला, आमच्या बेलापूरला, मुलीकडे असतात. फोनवर मला बोलता आलं नसतं, म्हणून पत्र पाठवलं. ते असं:

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार. प्रबंध मान्य झाला, पीएचडी मिळाली. पहिल्या पानावर तुमचं नाव आहे, पण त्यासाठी हे पत्र नाही.

नकाशावर ठिपका कुठे द्यायचा, हे पाहायला मी चर्चासत्राच्या आठ दिवस आधी मोबाईलवर ‘बेलापूर’ असं टाकलं होतं. पहिलं आलं ते मुंबईजवळचं. तेव्हाच माझ्या मनात आलं, चापडा तिथलाच असणार. मी खाली सरकलो आणि आपलं बेलापूर निवडलं. त्या सकाळी सरांना मी खोटं सांगितलं, आणि तुमची मान खाली गेली. हे मी काल सरांनाही लिहून दिलं आहे.

त्या आठ दिवसांत तुम्ही रोज माझ्यासमोर होतात. तरी मी तुम्हाला विचारलं नाही, मामा. विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं.