सातव्या टेकडीचं पाणी

जगात म्हणे सात टेकड्यांवर वसलेली शहरं हायेत! नव्या टाकीच्या उद्घाटनाला आलेल्या साहेबांनी रोमचं नाव घेतलं, इस्तंबूलचं घेतलं, अन् म्हणले, "तुमचं गावही त्याच मानाचं." टाळ्या पडल्या. मी चांगुणाबाई, सातव्या टेकडीवरची, मी न्हाई वाजवल्या. भाषणाला सात टेकड्या, अन् टाकी बांधताना मेल्यांना एकबी दिसली न्हाई!

पाशामियाँ आमच्या गावाला पाणी सोडतात. अठ्ठावीस वर्षं झाली. सोमवारी पहिली टेकडी, मंगळवारी दुसरी, अन् रविवारी आमची, सगळ्यात उंच. कोणता व्हॉल किती फिरवला की पाणी कुठवर चढतं, ते त्यांच्या मनगटाला ठाऊक. माझ्या पोरीच्या लग्नात ताटावरून उठून व्हॉल बंद करायला गेल्ते.

नवी टाकी खालच्या टेकडीवर बांधायची ठरली तवा हाच माणूस हात जोडून म्हणला, "इथून वर पाणी जाणार न्हाई." सरपंच म्हणले, "तू व्हॉल फिरव, इंजिनियर होऊ नको." रस्त्यालगतची जागा, माल जल्दी उतरतो, बस!

उद्घाटनाआधीच नव्या टाकीतून पाणी सुरू होऊन तीन रविवार झाले, आमच्या नळाला थेंब न्हाई. अन् ठपका कुणावर? पाशाभाईवर! पाणी विकतो म्हणे. पंचायतीनं नोटीस काढली, खुलासा द्या न्हाईतर कामावरून कमी करू. माझ्या अंगाची लाही लाही झाली. गरिबाच्या इमानावर बोट ठेवायला यांचं काय जातं?

भाषण संपताच मी साहेबांची वाट अडवली. "चला वर, डोळ्यांनी बघा!" सरपंच म्हणले, "मावशी, बाजूला व्हा." मी बिलकुल हलले न्हाई. पाशाभाईंनी व्हॉलची चावी साहेबांच्या हातात दिली. "बाकीचे सगळे बंद हायेत. सातव्या टेकडीचा तुमच्याच हातानं खोला."

साहेबांनी खोलला. मंग आम्ही चढलो, सरपंचबी मागनं आले. साहेब तीनदा थांबले. वर नळ सोडला तर नुसती हवा फुसफुसली. साहेब घामाघूम होऊन माझ्या ओट्यावर बसले अन् प्यायला पाणी मागितलं.

घरात एकच तांब्या पाणी उरलं होतं, खालून डोक्यावर आणलेल्या हंड्यातलं. मी तांब्या घट्ट धरला. "आधी नोटीस फाडा, मंग प्या!"

पाशाभाईंनी तांब्या माझ्या हातातून काढून घेतला. "बाई, पाण्याला न्हाई म्हणू नये." त्यांनीच साहेबांना पाजलं.

सरपंच खाली बघत होते. मी म्हणले, "पोटभर प्या, साहेब. पाणी विकणारा म्हणत्यात तो हाच."