वाटून दिलेली दुखणी

वैद्यकीय महाविद्यालयाची तपासणी जवळ आली की आमच्या रुग्णालयात एकाएकी आजारपण वाढायचं. मी तिथे केसपेपरच्या खिडकीवर कारकून होते. परभणीहून आलेली, पुण्याजवळ सूसला भाड्यानं राहणारी, नोकरी घट्ट धरून बसलेली. नियम साधा होता: ठरलेल्या प्रमाणात खाटा भरलेल्या दिसल्या नाहीत, तर डॉक्टरकीच्या नव्या तुकडीला मान्यता नाही. नियम चांगलाच आहे हो! रुग्ण बघितल्याशिवाय मुलांनी शिकायचं कशावर? पण रुग्ण यायचे त्यांच्या सोयीनं आणि तपासणी यायची तिच्या. मग मुळशी धरणाच्या वरच्या वाड्यांवर गाडी जायची आणि धडधाकट बायामाणसं आणून खाटांवर निजवली जायची.

त्यांना दुखणी वाटून देणं माझ्याकडे. केसपेपर आदल्या दिवशीच लिहून ठेवायचे आणि सकाळी एकेकीला पढवायचं. त्या दिवशी भिंतीकडच्या खाटेवर साठीची एक मावशी होती. तिला म्हटलं, "मावशी, साहेबांनी विचारलं तर पोट दुखतंय म्हणायचं."

"पोट न्हाई ओ ताई. हितं छातीत आवळतंय. सकाळधरनं."

"अहो, छातीतलं शेजारच्या बाईंना दिलंय. तुमचं पोट."

ती ओशाळली. दुसरीच्या ताटात हात घातल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाली, "व्हय व्हय, पोट." मी पुढच्या खाटेकडे वळले. आज हे लिहितानाही माझी मला शरम वाटते.

तपासायला आलेले डॉक्टर वयस्कर होते, बोलायला मऊ. ते मावशीच्या खाटेशी थांबले तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि डोक्यावर पंखा फिरत होता. मी पार गोंधळून गेले. हिला साहेबांच्या धाकानं घाम फुटलाय की खरंच काही होतंय? वॉर्डातल्या सगळ्याच जणी इतक्या मनापासून कण्हत होत्या, की खरं कुठलं हे ओळखायचं कशावरून? तोंड उघडलं तर मान्यता जाणार, माझी नोकरीही जाणार. नाही उघडलं तर कदाचित ही बाईच जाणार. त्या 'कदाचित'पाशी मी अडकून पडले.

"काय त्रास होतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

मावशीनं आधी माझ्याकडे बघितलं. "पोट दुकतंय."

त्यांनी केसपेपर बघितला, जुळतंय अशी खूण केली आणि मंडळी पुढच्या वॉर्डात गेली.

मी आमच्या तरुण डॉक्टरला दारातच गाठलं. "त्या मावशींना बघा ना, बरं दिसत नाही."

"खऱ्या आहेत का आजच्या?" त्यानं विचारलं.

मी त्याची बाही धरून त्याला तसंच खाटेपाशी ओढत नेलं. मावशीचा हात हातात घेतला, तो गार पडला होता.

"मावशी, खरं सांगा, काय होतंय तुम्हाला?"

तिनं दाराकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "सायेब गेलं का? मग आता माजं सांगू?"