हात खाली घ्या, आप्पा

सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘जतकडच्या मुली शिक्षण अर्ध्यावर सोडतात.’ त्याखाली लिहिलं, ‘ही मुलगी जतकडची आहे.’ मग खडू माझ्याकडं रोखून वर्गाला विचारलं, “म्हणून?”

वर्ग एका सुरात म्हणाला, “ही शिक्षण अर्ध्यावर सोडणार.”

सगळे हसले. सरही. मी मान खाली घातली.

सांगलीतलं कॉलेज. मी जिल्ह्यातल्या दुष्काळी जत तालुक्यातली. तर्कशास्त्राचा तास. सर निगमन शिकवत होते. सगळ्यांना लागू होणारा नियम घ्यायचा, त्यावरून एकाबद्दल निष्कर्ष काढायचा. नियम खरा असेल तर निष्कर्ष चुकत नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी विगमन. थोडी उदाहरणं बघून नियम बांधायचा. उदाहरणं अपुरी असली तर नियम कच्चा. हे सरच सांगत होते. ऐकता ऐकता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कालचा नियम असाच बांधलेला.

मी उभी राहिले.

“सर, कालचं पहिलं वाक्य कशावरनं आलं?”

“अनुभवावरून. तुमच्याकडच्या दोन-तीन मुली बघितल्यात मी.”

“त्यातली एक माझी थोरली बहीण हाय, ह्याच कॉलेजात हुती. आई अंथरुणाला खिळली. आप्पा मेंढरांमागं. टँकर आला की पाणी भरायला घरात दुसरं कुणी न्हवतं. म्हणून सोडलं तिनं. तुमी तिला इचारलं हुतं का?”

सर म्हणाले, “आधी भाषा सुधार. मग वाद घाल.”

पुन्हा हसू. प्रश्न तसाच राहिला. मला बाहेर काढलं. वडिलांना घेऊन ये, माफी माग, मगच तासाला बस, असं सांगितलं.

आप्पा आले. डोक्याला पटका, धोतरावर रानातली धूळ. सर खुर्चीत. आप्पांना कुणी बस म्हणालं नाही. मी काय विचारलं होतं, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. एवढा शिकलेला माणूस म्हणतोय म्हणजे पोरगीच चुकली असणार, असं धरून ते आले होते. आल्या आल्या हात जोडले.

“चुकली पोरगी. पदरात घ्या, सायेब.”

“आप्पा, हात खाली घ्या. मी चुकल्याली न्हाई.”

त्यांनी हात खाली घेतले नाहीत.

सर म्हणाले, हिनं स्वतः माफी मागायला हवी. मी मागितली नाही. आप्पा माझ्याकडं बघत राहिले.

स्टँडवर ते म्हणाले, “बाई, आपलं कोण ऐकतंय?” आप्पांना घेऊन एसटी गेली.

आता तास चालू असला की मी व्हरांड्यात बसते. खिडकीतून येईल तेवढं लिहून घेते. पंखा चालू केला की निम्मं ऐकू येत नाही. मैत्रिणी येता-जाता नजर चुकवतात. सरांनी निरोप धाडला, अजून वेळ गेलेली नाही.

परीक्षेला मी बसणार. माफी आप्पांनी मागितली. मी मागितलेली नाही. मागणार नाही.